दोन काठांचा खेळ

त्या राज्यात कोणी कोणाला मारून खात नसे. तसा करार होऊन कित्येक पिढ्या उलटल्या होत्या आणि तो सगळे इमानाने पाळत होते. वाघ कंद उकरून खात, लांडगे बोरे वेचत. पाणवठ्यावर रांग असे. परक्याच्या पिल्लाला ठेच लागली तरी चार जण धावून जात. आणि पंधरवड्यातून एकदा हे सगळे सज्जन प्राणी कवठीच्या मैदानावर जमत.

कवठी हा त्या राज्याचा खेळ. कोरड्या पडलेल्या एका तळ्याचा सपाट तळ हे त्याचे मैदान. दोन बाजूंना दोन उंच काठ होते, वरचा आणि खालचा. जो ज्या काठाकडच्या रानात जन्मला, तो मरेपर्यंत त्याच काठावर बसे. मैदानाच्या दोन टोकांना दोन खळगे असत. टणक हिरवे कवठ शिंगाने, खुराने, डोक्याने उडवत समोरच्यांच्या खळग्यात घालायचे, एवढाच खेळ. खेळाडूंना दुसरे काम नसे. त्यांचा चारा त्या त्या काठावरची घरे पुरवीत, आणि चार काड्या देणारा प्रत्येक जण समजे, की खेळाडूच्या अंगात आपला घास गेला आहे, म्हणजे ते अंगही थोडे आपलेच आहे.

पूर्वी मैदानावर काही रीत होती. पुढच्याने बसून राहायचे, म्हणजे मागच्याला दिसे. खेळाडू पडला, मग तो कोणत्याही काठाचा असो, तर तो उठेपर्यंत दोन्ही काठ गप्प राहत, आणि उठला की दोन्हीकडून पाय आपटून दाद मिळे. ही रीत कोणी मोडली, असे सांगता येणार नाही. एके वर्षी पडलेल्याला पाहून कोणीतरी हसले आणि त्याला कोणी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी जो हसत नव्हता, तोच परका दिसू लागला.

खालच्या काठावर सावरी नावाची एक साळिंदर येत असे. ती एकटीच होती, वयाने उतरलेली, आणि तिला खेळ मनापासून आवडत असे. गर्दीत साळिंदराने बसायचे म्हणजे अवघड. म्हणून सामन्याच्या दिवशी ती सकाळीच पळसाची पाने भिजवी, वेलीने त्यांची झूल बांधी, काटे अंगाशी घट्ट मिटून घेई आणि वरून ती झूल पांघरून मैदानावर येई. दुपारभर ती तशीच आवळून बसे. घरी जाईपर्यंत तिची पाठ भरून येई. पण तिचा काटा कधी कोणाला लागला नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या पिल्लांना ती साळिंदर आहे हेही ठाऊक नव्हते. पिल्ले तिला पानाची आजी म्हणत.

तिच्या शेजारची जागा धवळगुरुजींची. हे बगळे होते. पांढरेशुभ्र, मितभाषी, आठवडाभर उथळ पाण्यात पिल्लांना एका पायावर स्थिर कसे उभे राहावे ते शिकवत. सावरी आली की ते स्वतः सरकून घेत. "या सावरीबाई, बसा. आज आपलाच काठ जिंकणार बघा," असे म्हणत. मात्र सामना सुरू झाला की त्यांची मान लांब होई आणि तिच्यातून असे शब्द बाहेर पडत, की सावरी शेजारच्या पिल्लांचे कान झाकी. सामना संपल्यावर गुरुजी पंख झटकत आणि पुन्हा मितभाषी होत. सगळ्यांचेच तसे होते. मैदानावर बोललेले मैदानावरच राहते, असे ते म्हणत. ज्याला उद्देशून बोलले जाई, तो मात्र ते घरी घेऊन जाई.

खालच्या काठाचा खळगा राखायचे काम झेलूकडे होते. झेलू चौशिंगा होता. उडत येणारे कवठ तो आपल्या चार शिंगांच्या मध्ये असे अलगद झेले, की फळाच्या सालीवर ओरखडा उठत नसे. त्यावरूनच त्याचे नाव पडले. त्याचे घर सावरीच्या बिळाजवळ होते. लहानपणी सावरीनेच कंद फेकून फेकून त्याला झेल शिकवला होता. तो तिला मावशी म्हणे. जुई नावाची हरिणी त्याच्या घरात होती, आणि त्या वर्षी तिला पाडस झाले होते.

वर्षाच्या शेवटच्या सामन्याला जुईने पाडसाला पहिल्यांदाच मैदानावर आणले. "मावशी, तुमच्याजवळ बसते," ती म्हणाली. "याला त्याचा बाबा दिसू दे."

"बस की. पण अशी आतल्या बाजूला बस," सावरी म्हणाली. "आज हवा बरी वाटत नाही."

हवा तापवण्याचे काम वानरांचे होते. खालच्या काठावरच्या वडांवर त्यांची फौज असे आणि डहाळ्या नावाचा वानर त्यांचा म्होरक्या होता. डहाळ्याने आयुष्यात कवठाला हात लावला नव्हता. त्याची पाठही बहुतेक वेळ मैदानाकडेच असे. तो गर्दीकडे तोंड करून आरोळी द्यायचा आणि गर्दी ती उचलायची. कोणाच्या आईचा उद्धार कधी करायचा, कोणाच्या लंगड्या पायाची नक्कल कधी करायची, हे तो ठरवी. मैदानाच्या पंचायतीचा प्रमुख धुंडिराज नावाचा रानरेडा होता. त्याला एकदा कोणीतरी हे थांबवायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला होता, "आवाज आहे म्हणून मैदान आहे. मुक्याने बघायचं असेल त्याने घरी बसून मुंग्या बघाव्यात."

सामना बरोबरीने चालला होता. वरच्या काठाकडून कातळी नावाची नीलगाय खेळत होती. थोराड, सरळ स्वभावाची, गेली कित्येक वर्षे झेलूच्या समोर खेळलेली. उन्हे उतरायला लागली असताना तिने लांबून एक कवठ उडवले. त्यात जोर नव्हता. असे झेल झेलूने डोळे मिटून घेतले असते. कवठ आले, त्याच्या चार शिंगांमध्ये बसले, क्षणभर तिथे थांबले, आणि घरंगळून खाली पडले. तिथून ते सावकाश खळग्यात गेले.

झेलूच्या डोळ्यांत ऊन गेले नव्हते, त्याचा पाय घसरला नव्हता, कोणी त्याला ढकलले नव्हते. झेल सुटला. झेलणाऱ्याच्या आयुष्यात झेल सुटतात, एवढेच.

खालचा काठ गप्प झाला. मग वडावरून डहाळ्याची आरोळी आली, "चारा ओक!"

"चारा ओक! चारा ओक!" सगळा काठ उभा राहिला. ज्यांनी वर्षातून मूठभर गवत दिले होते, तेही ओरडत होते, आणि ज्यांनी काहीच दिले नव्हते ते जास्त ओरडत होते. झेलूच्या बापाला, आईला, त्याच्या चार शिंगांना शिव्या सुरू झाल्या. "दोन शिंगं विकलीस का रे झेल्या वरच्या काठाला?" पलीकडे वरचा काठ आनंदाने नाचत होता, आणि त्यांच्या नाचण्यातही झेलूच्याच नावाची शिवी होती.

मग कोणीतरी जुईला ओळखले. "ही बघा त्याची! इथंच बसलीय!"

गर्दी वळली. मैदानाकडे पाठ करून ती एका हरिणीकडे बघू लागली. एका कोल्ह्याने तिच्या पाडसावर माती उडवली. "याला पण आमचाच चारा घालणार काय?" असे विचारून त्याने आजूबाजूला पाहिले आणि आजूबाजूचे हसले. तेव्हा सावरी उठली. ती जुईच्या आणि गर्दीच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लेकरू आहे ते. मागे व्हा. लाज वाटू द्या जरा."

"म्हातारे, बस खाली!"

मागून रेटा आला. झूल फाटली, पाने पायाखाली गेली, आणि सावरीची पाठ उघडी पडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काठाने तिचे काटे पाहिले: काळे-पांढरे, लांब, टोकदार, शेकडो. त्या वेळी ती एकदा नुसती फुलली असती, तरी भोवती रिकामे रिंगण झाले असते. पण गर्दीने तिच्या दोन्ही कुशींना शेजारची पिल्ले दाबून धरली होती. पानाची आजी, पानाची आजी, म्हणत ती घाबरून तिलाच बिलगली होती. सावरीने दात आवळले आणि काटे आणखी घट्ट मिटले.

तेवढ्यात पाठीत कळ गेली. तिने मान वळवली. धवळगुरुजींच्या चोचीत तिचा काटा होता.

"गुरुजी, तुम्ही?"

"एकच, सावरीबाई," गुरुजी काटा पायात धरत म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता आणि डोळे कुठेतरी दुसरीकडे लागले होते. "एकच घेतला. त्याला जरा कळू दे, आमचं किती दुखतं ते."

गुरुजींनी घेतला म्हटल्यावर मग घ्यायला हरकत उरली नाही. शेजारच्या सशाने एक उपटला. कोल्ह्याने दोन्ही पंजांनी उपटले. जे कधी कोणाच्या वाटेला गेले नव्हते असे प्राणी पुढच्यांच्या खांद्यांवरून हात घालून काटा मागत होते आणि मिळाला की मैदानाकडे भिरकावत होते. सावरी ओरडली नाही. ओरडली असती तरी ते कोणाला ऐकू गेले नसते. तिच्या पाठीवर रक्ताचे ठिपके उमटत गेले आणि तिच्या पोटाखाली पिल्ले रडत राहिली.

झेलू आतापर्यंत मान खाली घालून उभा होता. शिव्या त्याला नव्या नव्हत्या. पण गर्दी जुईकडे वळलेली पाहिली आणि तो मैदान सोडून काठाकडे धावत निघाला. तो आपल्या अंगावर येतोय, असे काठाला वाटले. किंवा तसे वाटून घ्यायला काठ तयारच होता. काट्यांची एक लाट उडाली. झेलू मध्येच थांबला, गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला. एक काटा त्याच्या डाव्या डोळ्यात रुतला होता.

मैदान पुन्हा एकदा गप्प झाले. आता काहीतरी होईल असे वाटण्याइतका वेळ गेला. आणि मग वरच्या काठावरून टाळी आली. "स्वतःचाच मारला रे, स्वतःचाच मारला!" खालच्या काठाला हा अपमान सहन झाला नाही. त्यांनी वरच्या काठाला शिव्या दिल्या, वरच्यांनी परत दिल्या, आणि थोड्याच वेळात दोन्ही काठ एकमेकांवर असे तुटून पडले, की मध्ये कोण पडले आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

फक्त कातळी मैदान ओलांडून आली. ती झेलूवर सावली धरून उभी राहिली. दोन्हीकडून दगड येत होते आणि ते तिच्या पाठीवर लागत होते.

झेलूचा तो डोळा गेला.

पंचायत आठवड्याने बसली, भर दुपारी, वडाखाली. सगळा काठ आला होता. स्वच्छ, शांत, रांगेने. सावरीही आली होती. तिच्या पाठीवर आता काट्यांपेक्षा खपल्या जास्त होत्या. धुंडिराजाने चौकशी सुरू केली.

"गुरुजी, तुम्ही तिथं होतात. काटे कोणी उपटले?"

"गर्दी होती," धवळगुरुजी म्हणाले. ते एका पायावर अगदी स्थिर उभे होते. "गर्दीत नाव कोणाचं घ्यायचं? आणि जे झालं ते प्रेमापोटी झालं. आपल्या काठावर आमचं प्रेम आहे."

"काटा कोणाचा होता?"

"काटा सावरीबाईंचा होता. ते नाकारता येणार नाही."

धुंडिराजाने मान डोलावली. त्याने सावरीला विचारले, "काटे तुझेच ना?"

"माझेच," सावरी म्हणाली. "माझ्या अंगाचे. एवढी वर्षं मी ते मिटून तुमच्यात बसले. पाठ मोडेस्तोवर मिटून बसले. त्या दिवशी मी ते फुलवले असते, तर तुमच्यातल्या एकाचा हात माझ्यापर्यंत पोचला नसता. मी मिटले, म्हणून तुम्हाला उपटता आले. आता विचारा, काटा कोणाचा."

एक पिल्लू "पानाची आजी" म्हणाले, तर त्याच्या आईने त्याचे तोंड दाबले.

धुंडिराजाने निकाल दिला. मैदानावर टोकदार वस्तू आणल्यामुळे एका खेळाडूला इजा झाली. यापुढे साळिंदराने काटे काढून यावे, नाहीतर येऊ नये. झेलूला एका डोळ्याने जमेल तसे खेळायची मुभा राहील. काठाने जरा सबुरीने घ्यावे. 'जरा' हा शब्द धुंडिराज हसून म्हणाला, आणि काठही हसला. उठताना काही जण सावरीजवळ आले आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हो. खेळ आहे."

संध्याकाळी कातळी खालच्या काठावर झेलूच्या घरी गेली. वरच्या काठाचा खेळाडू खालच्या रानात येण्याची ती पहिलीच वेळ होती. झेलू डोळ्यावर पाला बांधून बसला होता. जुई आणि सावरी तिथेच होत्या.

"दुखतं का?" कातळीने विचारले.

"डोळा नाही दुखत आता, कातळीताई," झेलू म्हणाला. "पण मला आमच्या काठाचे सगळे आवाज ओळखू आले होते. हाच ससा रोज सकाळी विचारतो, झेलू, बरा आहेस ना? हीच खार माझ्या पाडसाला शेंगा देते. तोच गळा, ताई. एखादा जरी परका आवाज असता, तर मी त्याच्यावर राग काढला असता."

कातळी म्हणाली, "माझ्या काठावरही तेच आहे. मी ज्या दिवशी चुकेन, त्या दिवशी माझं वासरूही तिथंच बसलेलं असेल." तिने झेलूच्या पाडसाकडे पाहिले. "मी आता नाही खेळणार. इकडे नाही आणि तिकडेही नाही."

"मग जायचं कुठं?" जुईने विचारले.

"डोंगरापलीकडे. तिथं चारा आपला आपणच शोधायचा," कातळी म्हणाली. "मग तो कोणी ओकायला सांगणार नाही."

"मी पण येते," सावरी म्हणाली. "चालताना माझ्यापासून दोन हात लांब राहा म्हणजे झालं. आता मला मिटून नाही चालायचं."

बातमी दोन्हीकडच्या खेळाडूंत फिरली. पुढच्या सामन्याच्या दिवशी, उन्हे वर येण्याआधी, दोन्ही काठांचे खेळाडू एकाच वाटेने डोंगर चढून गेले. पुढे वासरासह कातळी होती, मध्ये जुई आणि पाडस, आणि त्यांच्याशेजारी उरलेसुरले काटे पूर्ण फुलवून सावरी चालत होती. झेलूने खिंडीतून मागे वळून पाहिले नाही. त्याच्या आंधळ्या बाजूला मैदान होते.

मैदान मात्र त्या दिवशी लवकर भरले. मध्यभागी कवठ ठेवलेले होते. ते उडवायला कोणी आले नाही. धुंडिराज एका खडकामागे उभा राहून दोन्ही काठांना काय सांगायचे ते मनाशी जुळवू लागला. तेवढ्यात वडावरून डहाळ्याने सवयीने मैदानाकडे पाठ करून आरोळी दिली. खालच्या काठाने ती उचलली. वरच्या काठाने तिला उत्तर दिले. त्या उत्तराला आणखी मोठे उत्तर गेले. धवळगुरुजींची मान लांब झाली. दोन्ही काठ उभे राहिले. आया-बहिणींचे उद्धार झाले, माती उडाली, दगड गेले, दगड आले. अंधार पडायच्या आत सगळे घसे बसवून घरी गेले, आणि दोन्ही काठांना आपणच जिंकलो अशी खात्री होती. धुंडिराजाला काहीच सांगावे लागले नाही.

पुढच्या पंधरवड्याला ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्यालाही आले. आता गर्दी पूर्वीपेक्षा जास्त असे.

मैदानावर विरळ गवत आले. पुढच्या उन्हाळ्यात कुठून तरी एक टिटवी उडत आली. तिला अंडी घालायला उघडी, सपाट जमीन हवी होती, जिथे कोणाचे खूर पडत नाहीत अशी. तिने साऱ्या राज्यावर घिरट्या घातल्या आणि अखेर मैदानाच्या बरोबर मध्ये, उघड्यावर, चार खड्यांच्या आधाराने अंडी घातली. सामन्याच्या दिवशी काठ भरू लागले तेव्हा ती घाबरून पंख पसरून उभी राहिली. आरोळी आली. तिने मान इकडून तिकडे फिरवली. हजारो प्राणी दोन्ही बाजूंना उभे होते आणि त्यांच्यातल्या एकाचीही नजर खाली नव्हती. टिटवीने हळूहळू पंख मिटले आणि ती अंड्यांवर बसली.

दोन्ही काठ एकदम उसळले. समोरासमोर सगळी तोंडे उघडली. मधल्या गवतात टिटवीने मान खाली घातली, एक अंडे चोचीने हलकेच फिरवले आणि त्याची गार झालेली बाजू पोटाखाली घेतली.